समोरचा स्पर्धकच आवडला तेव्हा : आपापले अनुभव लिहा

नाशिकची (धागाकर्ती)

१९९६ ते १९९९ या तीन हिवाळ्यांत ज्या मुलाला मी ९ वेळा हरवलं आणि ज्याच्याकडून ११ वेळा हरले, त्याच्याशीच माझं लग्न झालं. हे आकडे मला तोंडपाठ आहेत. लग्नाला २३ वर्षं झाली, लेक कॉलेजात गेली, पण सोलापूरच्या एका निकालावर आमचं अजून एकमत नाही.

ज्यांनी आंतरमहाविद्यालयीन वक्तृत्व-वादविवाद गाजवलेत, त्यांना ते दिवस लगेच आठवतील. दिवाळीची सुट्टी संपली की सूचनाफलकावर स्पर्धांची पत्रकं लागायची. कराड, बार्शी, सांगली, संगमनेर. एका बाजूचं एसटीभाडं आयोजक द्यायचे. मुलींची सोय वसतिगृहात नाहीतर कुणा प्राध्यापकांच्या घरी, मुलांची वर्गातली बाकं सरकवून सतरंजीवर. गाव बदलायचं, माणसं तीच. महाराष्ट्रभर तीच पंधरा-वीस डोकी फिरत असायची. तिसऱ्या स्पर्धेपर्यंत कोण कशी सुरुवात करतं, कोण पहिली घंटा वाजली की घाईला येतं, हे सगळ्यांना सगळ्यांचं पाठ.

तो कोल्हापूरचा. पहिल्यांदा ऐकला बार्शीला. वादविवादात प्रत्येक कॉलेजचे दोघं असतात, एक विषयाच्या बाजूने, एक विरोधात. विषय मोठ्या धरणांचा होता आणि मी बाजूने. कोयनेच्या विजेवर राज्यातले कारखाने कसे उभे राहिले हे मी जीव तोडून मांडलं. शेवटचं वाक्य आठ दिवस घासूनपुसून तयार केलं होतं. टाळ्या पडल्या. माझ्यानंतर दोघं सोडून तो उठला. हात पाठीमागे बांधलेले, आवाज चढवलेला नाही. त्याने माझं ते वाक्य शब्दनशब्द म्हटलं, माझ्यापेक्षा नीट म्हटलं, क्षणभर थांबला आणि म्हणाला, "माझं आजोळ शिवसागराच्या तळाशी आहे."

शिवसागर म्हणजे कोयना धरणाचाच जलाशय. सभागृह चिडीचूप. पहिला क्रमांक तिथेच ठरला.

मला राग आला तो हरण्याचा नव्हता. माझं वाक्य त्याच्या तोंडी जास्त शोभलं, याचा होता. रात्री पंगतीत तो समोरच बसला होता. मी विचारलंच, "माझंच वाक्य कशाला घेतलंत?" म्हणाला, "चांगलं होतं म्हणून घेतलं. नसतं तर सोडून दिलं असतं." घरातल्यांनी, मैत्रिणींनी, सरांनी माझी भाषणं ऐकली होती, कौतुकही केलं होतं. पण एकदा ऐकून माझं वाक्य कुणी असं उचलून ठेवलं नव्हतं.

आता सोलापूर. जानेवारी १९९८. आदल्या रात्री माझा आवाज पार बसला. कुजबुजही फुटेना. हा कुठूनसा हिंडून आला आणि वर्तमानपत्राच्या पुडीतून ज्येष्ठमधाच्या काड्या आणि खडीसाखर पुढे केली. "दाढेखाली धरा, चावू नका." मी वहीत लिहून विचारलं, "मी बोलू शकले नाही तर तुमचाच फायदा ना?" तो म्हणाला, "मग मी कुणाला हरवलं म्हणून सांगू?"

दुसऱ्या दिवशी मी बोलले ते अगदी हळू, माईकला ओठ टेकवून. लोक पुढे झुकून ऐकत होते. मी पहिली आले, तो दुसरा. त्याचं म्हणणं, मी त्या बसलेल्या आवाजावर जिंकले. माझं म्हणणं, मुद्द्यावर जिंकले. ज्येष्ठमधाचं श्रेय मात्र दोघंही देतो.

तर मंडळी, असं कुणाकुणाचं झालंय? स्पर्धा कुठलीही चालेल आणि लग्न झालंच पाहिजे अशी अट नाही. त्या माणसाचं नाव लिहू नका. स्पर्धा कशी चालते ते मात्र जरा खुलवून सांगा, मला तेच वाचायला आवडेल.

पेठेतला मावळा

माझा पहिला नंबर बहुतेक. आम्ही खालच्या चौकात, ती वरच्या. दिवाळीत दोन्ही वाड्यांचे किल्ले समोरासमोर. आमचा प्रतापगड, त्यांचा सिंहगड. मी दहा वर्षांचा, ती नऊची. आमच्या किल्ल्यावर अळीव उगवलंच नाही, कारण मी पाणी घालून घालून ते कुजवलं होतं. वसुबारसेच्या सकाळी उठून बघतो तर आमच्या तटाखाली हिरवागार पट्टा. तिने आपल्या ताटलीतलं उगवलेलं अळीव मुळांसकट आणून लावलं होतं. परीक्षक यायच्या आधी. नंबर त्यांचाच आला. लग्न झालं वीस वर्षांनी, आणि अळीव आजही तीच पेरते. मला पाण्याच्या तांब्याला हात लावायची बंदी आहे.

पट मांडला

माझी गोष्ट सांगलीची. ६४ घरांचा पट घेऊन उन्हाळ्यात सांगलीला जाणं ही आमच्या पिढीतल्या खेळाडूंची वारीच होती. रोहिणी खाडिलकर १९८१ मध्ये आशियाई विजेत्या झाल्या, वर्तमानपत्रात फोटो आला, आणि त्या आठवड्यात माझ्या बाबांनी मला पट आणून दिला. स्वतः त्यांना हत्ती कसा चालतो तेही माहीत नव्हतं. तीन वर्षांनी मी सांगलीला खुल्या गटात बसले होते. वय १७. हॉलमध्ये मुली मोजून चार.

पाचव्या फेरीत समोर एक १९ वर्षांचा मुलगा. तेव्हा चावीची घड्याळं असायची. एकाच खोक्यात दोन तबकड्या, आणि प्रत्येकीत बाराजवळ एक छोटा लाल झेंडा. मिनिटकाटा वर चढताना तो झेंडा उचलत नेतो आणि वेळ संपली की झेंडा टपकन खाली पडतो. माझा एक हत्ती जास्त होता, डाव हातात आला होता. मी पटावर इतकी वाकले होते की घड्याळाकडे बघितलंच नाही. त्याने हळूच सांगितलं, "झेंडा पडला." आणि डाव मागितला. नियमाने तो त्याचाच होता.

मी हस्तांदोलन केलं, बाहेर येऊन नळाखाली तोंड धुतलं आणि ठरवलं की या मुलाशी जन्मात बोलायचं नाही.

महिनाभराने घरी, तेव्हाच्या औरंगाबादला, एक आंतरदेशीय पत्र आलं. पत्ता त्याने आयोजकांच्या यादीतून घेतला होता. आत आमचा अख्खा डाव लिहिलेला आणि खाली दोन ओळी. "३४व्या खेळीला तुम्ही घोडा मागे घेतलात. तोच पुढे टाकला असता तर मला पुढच्या चार खेळ्यांत डाव सोडावा लागला असता. गेले महिनाभर मी तोच डाव मांडतोय. जिंकल्यासारखं वाटत नाही."

मी पट मांडला. त्याचं बरोबर होतं. मी एका पोस्टकार्डावर फक्त एक खेळी लिहून पाठवली, राजासमोरचं प्यादं दोन घरं. चार दिवसांनी उत्तराची खेळी आली. असा एक डाव चौदा महिने चालला.

पोस्टमनकाका कार्ड वाचून द्यायचे. "'घोडा एफ-पाच', एवढंच लिहिलंय गं, तब्येत बरी आहे ना त्यांची?" बाबांना मात्र ही काहीतरी सांकेतिक भाषा वाटली. त्यांनी माझी सगळी कार्डं गोळा केली आणि बँकेतल्या एका सहकाऱ्याकडे नेली, ते बुद्धिबळ खेळायचे म्हणून. त्या काकांनी जेवणाच्या सुट्टीत पट मांडून सगळ्या खेळ्या खेळून बघितल्या. बाबा संध्याकाळी घरी आले ते हसतच. आईला म्हणाले, "काळजीचं कारण नाही. आपली वरचढ आहे."

३८व्या खेळीनंतर कार्ड आलं: "राजा आडवा केला. आता एकदा समोरासमोर? घड्याळाशिवाय."

गेल्या वर्षी, २०२५च्या जुलैत, बातुमीला महिला विश्वचषकाच्या अंतिम फेरीत आपल्याच दोघी समोरासमोर आल्या, कोनेरू हंपी आणि नागपूरची दिव्या देशमुख. आम्ही शेजारी पट मांडून बसलो होतो. दिव्या टायब्रेकमध्ये जिंकली, अवघी १९ वर्षांची. तिचे डोळे भरून आले तेव्हा हे म्हणाले, "आज कुणी घड्याळ विसरलं नाही बघ." एकेचाळीस वर्षांपूर्वीचा लाल झेंडा यांच्या मनातून गेलेला नाही, आणि ते मला आवडतं.

नाशिकची (धागाकर्ती)

'आपली वरचढ आहे' हे मी नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवलं. तो म्हणाला, या धाग्यावर मलाही लिहायचंय. बघू.

क्रीडाप्रेमी

माझा स्वतःचा अनुभव नाही, पण इथे ही जोडी आलीच पाहिजे. १९५६चं मेलबर्न ऑलिंपिक. शीतयुद्ध ऐन भरात. चेकोस्लोव्हाकियाची ओल्गा फिकोतोव्हा थाळीफेकीत सुवर्ण जिंकली, अमेरिकेचा हॅरोल्ड कॉनोली हातोडाफेकीत. खेळ वेगळे, पण दोन्ही देश एकमेकांचं तोंड बघत नव्हते. लग्नासाठी परवानगी मिळवायला दोघांना सरकारदरबारी बरीच खटपट करावी लागली. १९५७ मध्ये प्रागला लग्न लागलं, साक्षीदार खुद्द नामवंत धावपटू एमिल झाटोपेक, आणि रस्त्यावर हजारोंची गर्दी. मी शाळेत असताना हे वाचलं आणि तेव्हापासून ऑलिंपिकचं संचलन बघताना माझी नजर पदकांपेक्षा कोण कुणाकडे बघतंय याच्यावरच असते.

कणकवलीची बुवा

मी डबलबारी म्हणते. कोकणाबाहेरच्यांसाठी सांगायला हवं. एका मांडवात दोन भजन मंडळं समोरासमोर बसतात. दोन्हीकडे पेटीवर बुवा, बाजूला पखवाज, झांजा, मागे कोरस. बाई असली तरी ती 'बुवा'च. आधी ते, मग आम्ही, मग पुन्हा ते. अभंग होतो, गौळण होते, आणि गजराला आलं की रंग चढतो. एक बुवा चालता चालता समोरच्याला सवाल टाकतो, देवादिकांचा, पुराणातला, कधी चिमटा काढणारा. त्याचं उत्तर समोरच्याने आपल्या बारीत द्यायचं, तेही चालीत बसवून. रात्री दहाला बसलेला मांडव पहाटेपर्यंत उठत नाही. घाटावर कलगी-तुऱ्याचे सवाल-जवाब होतात, त्याच जातीचं हे.

माझ्या तिसऱ्या की चौथ्या बारीला समोर कुडाळकडचे बुवा होते. वयाने माझ्याएवढेच, पण नाव झालेलं. गजरात त्यांनी सवाल टाकला, विठोबाच्या कानात माशांची कुंडलं कशासाठी? देवाला काय सोन्याचे डूल मिळाले नाहीत?

मला उत्तर आलं नाही. मी दुसरंच काहीतरी रचून वेळ मारून नेली आणि मांडवातल्या म्हाताऱ्यांना ते कळलं. बारी संपली, पहाट झाली होती. चुलाणावर चहा उकळत होता. बुवा कपबशी घेऊन माझ्याकडे आले. मला वाटलं, टोमणा मारणार. त्यांनी सवालाचा विषयच काढला नाही. म्हणाले, "बाय, तुझो गळो काळी चारचो. ह्या बाप्यांच्या कोरसासाठी तू खाली कित्या गातंस?"

मी बघतच राहिले. माझ्या गावचं मंडळ पुरुषांचं, काळी एकमध्ये, म्हणजे पेटीच्या खालच्या काळ्या पट्टीत गाणारं; काळी चार ही वरची पट्टी. मला पेटीवर बसवलं हेच त्यांचे उपकार, म्हणून मी माझा सूर उतरवून त्यांच्यात बसवत होते. वरच्या जागा घेताना आवाज मोकळा व्हायचा आणि खाली आलं की दबायचा. आमच्या मास्तरांना हे कळलं नव्हतं. समोर बसून सात तास ऐकणाऱ्याला कळलं. मी म्हटलं, "पुढच्या बारीक सांगतंय."

घरी आले आणि वाडीतल्या सहा पोरी जमवल्या. पावसाळाभर त्यांना झांजा आणि ठेका शिकवला. आमच्याच वाडीतल्या एका मुलीने पखवाज धरला, तिचे हात बोलतात. आणि आजीकडून कुंडलांची कथा घेतली. देवाच्या दारात एक कोळी भक्त मासे घेऊन आला, तेच त्याच्याकडे होतं. लोकांनी अडवलं. देवाने स्वतः ते मासे उचलून कानात घातले, की याने आणलंय ते मी अंगावर मिरवणार. आजी ही गोष्ट सांगताना कान पकडून दाखवायची.

दिवाळीनंतर पुन्हा तेच बुवा समोर. मी काळी चार लावली. पहिला आलाप घेतला तेव्हा ते पेटीवरचे हात काढून मांडी घालून बसले. गजरात मी कोळ्याची कथा चालीत घातली आणि उलट सवाल टाकला: देवाने मासे कानात घातले, तुम्ही समोरच्याचा सूर कानात घालून फिरता, तुमच्या कानात काय चमकतंय ते सांगा. मांडव उठून उभा राहिला. बुवांनी त्यांच्या बारीत नुसतं एवढंच गायलं, की याचा जवाब मांडवात देण्यासारखा नाही, तुमच्या घरी येऊन देतो.

आले. आई-वडलांना घेऊन आले.

आज आमची दोन वेगळी मंडळं आहेत आणि वर्षातून चार-पाच बाऱ्या आम्ही समोरासमोर करतो. सासूबाई माझ्या बाजूला बसतात. कुणी विचारलं तर सांगतात, "झील रोज घरात गाता. सुनेक ऐकूक मांडवात येवचा लागता."

तिसरी घंटा

आमचं काही झालं नाही, पण लिहिते. पुरुषोत्तम करंडक, पुणे, भरत नाट्य मंदिर. १९६३ पासून चालत आलेली एकांकिका स्पर्धा, आणि त्या इमारतीत 'अरे आवाज कुणाचा'च्या आरोळ्या ज्याने ऐकल्यात त्याला ती हवा कधी विसरत नाही. मी प्रकाशयोजना करायचे, तो आमच्या कट्टर विरोधी कॉलेजचा लेखक. त्यांच्या तालमी गुप्त, आमच्याही गुप्त. एक दिवस पावसात दोघं एकाच टपरीखाली अडकलो. अर्धा तास आम्ही नाटक सोडून जगातल्या सगळ्या विषयांवर बोललो, कारण नाटकावर बोलायला दोघांनाही संघाने बंदी केली होती. करंडक त्यांना मिळाला. निकालानंतर तो गर्दीतून वाट काढत आला आणि म्हणाला, "तुमच्या शेवटच्या प्रसंगातला तो एकच निळा दिवा. तो बघून मी माझा शेवट बदलायला हवा होता असं वाटलं."

पुढे तो बंगळुरूला गेला, मी इथेच राहिले. दोघांचेही संसार छान आहेत. दर ऑगस्टला, प्राथमिक फेरी लागली की त्याचा मेसेज येतो: "आवाज कुणाचा?" मी माझ्या कॉलेजचं नाव लिहिते. तो त्याच्या.

शिट्टीवाला सर

मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका शाळेत क्रीडाशिक्षक. २००७ साली शेजारच्या गावच्या शाळेत नव्या बाई आल्या, क्रीडाशिक्षिका. तोवर तालुक्यात मुलींच्या खो-खोमध्ये आमच्या शाळेला कुणी हात लावत नव्हतं. पहिल्याच वर्षी अंतिम सामन्याआधी बाईंनी हरकत घेतली, आमच्या एका मुलीच्या वयाबद्दल. पोरगी उंच होती एवढंच. सगळ्या मैदानासमोर दाखले काढावे लागले. दाखला चोख होता. मुलगी रडली, मी तापलो, आणि आम्ही सामना हरलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाई आमच्या शाळेत हजर. आधी त्या मुलीला बोलावून तिची माफी मागितली, सगळ्या वर्गासमोर. मग माझ्याकडे वळल्या. डब्यात कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. म्हणाल्या, "सर, हरकत माझी चुकलीच. पण तुम्ही हरलात ते त्यामुळे नाही. तुमची चौथ्या चौकातली मुलगी खो मिळायच्या आधीच खांदा वळवते. कुठल्या बाजूला धावणार ते आमच्या पोरींना आधीच कळत होतं."

खो-खो ज्यांनी खेळलाय त्यांना याचं मोल कळेल. आठ जणी ओळीत एकीआड एक विरुद्ध तोंडं करून बसतात, नववी धावते, आणि बसलेलीला खो मिळेपर्यंत हलायचं नसतं. एकदा दिशा घेतली की माघारी फिरता येत नाही. खांदा आधी हलला म्हणजे पत्ते उघडे. मी त्या पोरीला पाच वर्षं शिकवत होतो आणि मला ते दिसलं नव्हतं. मी म्हटलं, "बाई, हे तुम्ही मला कशाला सांगता? पुढच्या वर्षी आम्ही तुम्हाला हरवू." त्या म्हणाल्या, "हरवा की. खांदा वळवणाऱ्या संघाला हरवून मला तरी काय शिकायला मिळणार?"

पुढच्या वर्षी आम्ही एका गुणाने जिंकलो. त्याच्या पुढच्या वर्षी लग्न. दोन्ही शाळांच्या मुख्याध्यापकांना डावपेच घरात फुटतील अशी धास्ती होती, म्हणून ऑगस्ट ते ऑक्टोबर घरात खो-खोवर बोलायचं नाही असा नियम आम्ही केला आणि तो पाळला. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला पहिला खो-खो विश्वचषक झाला, भारताचे दोन्ही संघ जिंकले, आणि दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे, प्रियंका इंगळे आणि प्रतीक वाईकर. त्या रात्री आमच्या घरात आम्ही दोघं आणि आमच्या दोन्ही शाळांच्या मिळून वीसेक पोरी होत्या. शिट्टी बाईंच्या गळ्यात होती. झोपेपर्यंत वाजत होती.

एडिसनहून लेक

ही माझ्या आईची गोष्ट, आणि तिला विचारून लिहितेय. बाबा जाऊन नऊ वर्षं झाली. आई ६४ वर्षांची, आमच्याजवळच न्यू जर्सीत राहते. इथल्या मंडळाच्या गणेशोत्सवात उकडीच्या मोदकांची स्पर्धा असते आणि चार वर्षं तिचाच पहिला नंबर होता. इथे मोदक करणं सोपं नाही. दुकानातलं तांदळाचं पीठ जुनं असतं, उकड चिरते. खोबरं गोठवलेलं, ते पिळून पाणी काढलं नाही तर सारण पाझरतं. आईने या सगळ्यावर उपाय शोधले होते आणि एका मोदकाला पंधरा कळ्या काढायची.

पाचव्या वर्षी एक काका आले. निवृत्त इंजिनियर, विधुर, आयुष्य मशिनच्या सुट्या भागांत गेलेलं. त्यांच्या मोदकाला २१ कळ्या. परीक्षकांनी दोनदा मोजल्या. वरचं टोक इतकं नाजूक की उजेड आरपार दिसत होता. पहिला नंबर त्यांचा.

आई घरी येऊन बोलली नाही. तीन आठवडे तिने स्वयंपाकघर प्रयोगशाळा केलं. शेवटी तिने त्यांना फोन करून थेट विचारलं. काका म्हणाले, कपभर पिठाला चमचाभर चिकट तांदळाचं पीठ, थाई दुकानात मिळतं. पारी ताणली तरी फाटत नाही. आई ताडकन म्हणाली, "मग ते उकडीचे मोदकच नव्हेत." काका म्हणाले, "असं कसं, तांदूळच आहे. तुम्ही करून बघा, नाही आवडलं तर मी बक्षीस परत देतो."

त्या संकष्टीला काका पिठाची पिशवी घेऊन आमच्याकडे आले. मी दाराआडून बघत होते. दोघं ओट्याशी उभे, हात तुपाने माखलेले. काका अंगठा आणि दोन बोटं कशी धरायची ते दाखवत होते आणि आई म्हणत होती, "तुमच्या कळ्या सरळ येतात, पण तुम्ही सारण कमी भरता. मोदक दिसायला मोठा आणि खायला पोकळ." काकांनी आपला मोदक फोडून बघितला, मान डोलावली, आणि दुसऱ्या मोदकात दीड चमचा सारण भरलं. तो फाटला. तिसरा जमला.

आता दर संकष्टीला ते येतात. चंद्रोदयाची वेळ काकाच आईला कळवतात, तिच्याकडे पंचांग असूनसुद्धा. लग्नाबिग्नाचं दोघांच्याही मनात नाही, आणि आम्हा मुलांना त्याचं काही नाही. पण यंदाच्या स्पर्धेच्या अर्जावर आईने आपलं एकटीचं नाव लिहिलं, काकांनी आपलं एकट्याचं. मी म्हटलं, एकत्र करा की. दोघंही एका सुरात म्हणाले, "छे!"

नाशिकचीचा नवरा

आकडा चुकीचा आहे. ११-९ हा हिशेब वीस स्पर्धांचा. आम्ही एकवीस ठिकाणी समोरासमोर आलो. ती संगमनेर धरत नाही, कारण तिथे आम्हा दोघांना विभागून दुसरा क्रमांक मिळाला. बक्षीस म्हणून पुस्तकाची एकच प्रत शिल्लक होती. अध्यक्षांनी पहिल्या पानावर दोघांची नावं एकाखाली एक लिहिली आणि माझ्या हातात दिली. तिची एसटी आधी होती, ती निघून गेली.

ते पुस्तक मी दीड महिना कपाटात ठेवलं. अर्ध्या पुस्तकावर तिचा हक्क होता. मग एका शनिवारी कोल्हापूर-नाशिक रात्रीची गाडी पकडली. सकाळी आठला तिच्या घराची कडी वाजवली. दार तिच्या बाबांनी उघडलं. मी नाव सांगितलं, स्पर्धेचं सांगितलं, पुस्तक पुढे केलं. त्यांनी पहिलं पान उघडून दोन्ही नावं वाचली, चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "हे पोस्टाने नसतं का आलं?"

मी म्हटलं, "आलं असतं."

ते बाजूला झाले आणि आत बघून म्हणाले, "अगं, चहा टाक."